मातीची पाटी आणि बोरूचा कोपरा: बॅबिलोनियातल्या गोल पाटीची प्रतिकृती घरी कशी करावी

कीलाकार लिपी म्हणजे ओल्या मातीवर पाचरीसारख्या खुणा दाबून लिहायची मेसोपोटेमियाची प्राचीन लिपी. तिची प्रतिकृती करायला बसलेला माणूस पहिल्याच मिनिटाला हातात टोकदार काडी घेतो आणि ओल्या मातीवर रेघा ओढू लागतो. रेघेच्या दोन्ही कडांना मातीचा भुसा वर येतो, वळणावर माती फाटते आणि थोड्या वेळात पाटी नांगरलेल्या शेतासारखी दिसू लागते. माझ्या पहिल्या दोन पाट्या अशाच वाया गेल्या.

इराकच्या दक्षिणेकडल्या उरुक शहरात इ.स.पू. ३३०० च्या सुमारास लिखाण सुरू झालं तेव्हा चित्रासारख्या खुणा टोकाने ओढल्याच जात. पण ओल्या मातीत वक्र रेघ धड येत नाही. पुढे तिथल्या लेखनिकांनी ओढणं सोडलं आणि दाबणं धरलं. बोरूचा कोपरा मातीला टेकवायचा, दाबायचा, सरळ वर उचलायचा. उमटते ती पाचर, एका बाजूला रुंद डोकं आणि दुसरीकडे निमुळती होत गेलेली शेपटी. त्यानंतर तीन हजारांच्या आसपास वर्षं सुमेरी, अक्कडी, एलामी, हित्ती अशा कितीतरी भाषा याच दाबातून लिहिल्या गेल्या. आपल्यालाही तो दाब साधायचा आहे. माती चाळणं, बोरू तासणं, थांबणं, वाळवणं ही सगळी खटपट त्या एका दाबाची कड स्वच्छ यावी म्हणून.

कोणती पाटी घ्यायची

मनाला येतील तशा पाचरी ठोकून ‘प्राचीन पाटी’ करू नका. ज्याला वाचता येतं त्याला ती वेड्यावाकड्या अक्षरांची वही वाटते. खरी, संग्रहालयात असलेली, छायाचित्र मिळणारी पाटी निवडा आणि तिच्यातली प्रत्येक खूण मोजून उतरवा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सीडीएलआय या डिजिटल संग्रहात अशा पाट्यांची छायाचित्रं आणि अभ्यासकांनी हाताने काढलेली रेखाचित्रं मोफत बघायला मिळतात. रेखाचित्र जरूर घ्या. फोटोत सावलीमुळे लपलेली पाचर त्यात दिसते.

पहिल्या प्रयत्नासाठी माझी शिफारस एकच आहे, अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या बॅबिलोनियन संग्रहातली वायबीसी ७२८९ क्रमांकाची पाटी. इ.स.पू. १८०० ते १६०० या काळातली, दक्षिण इराकमधली, सुमारे ८ सेंटिमीटर व्यासाची गोल पाटी. तळहातात मावते. तिच्यावर टोकावर उभा केलेला एक चौरस आहे, त्याचे दोन कर्ण आहेत आणि तीन ठिकाणी आकडे आहेत. अक्षर एकही नाही. बॅबिलोनियाचे आकडे साठाच्या पटीत चालतात आणि ते लिहायला दोनच खुणा लागतात, एककासाठी उभी पाचर आणि दहासाठी नुसता कोन.

चौरसाच्या डाव्या वरच्या बाजूवर ३० आहे, म्हणजे बाजूची लांबी. आडव्या कर्णालगत १, २४, ५१, १०. त्याखाली ४२, २५, ३५. पहिली ओळ साठाच्या पटीत वाचली तर १ + २४/६० + ५१/३६०० + १०/२१६००० म्हणजे १.४१४२१३ येतं. हे दोनाचं वर्गमूळ आहे, दशांशाच्या सहाव्या स्थानाच्या घरात चुकणारं. दुसरी ओळ म्हणजे तीसला त्याने गुणून आलेली कर्णाची लांबी. जवळजवळ पावणेचार हजार वर्षांपूर्वी कुणा शिकाऊ मुलाने हे हातात माती धरून लिहिलं असावं. या आकाराच्या गोल पाट्या शाळेतल्याच असत. पुष्कळ गोल पाट्यांवर गुरुजींनी वर एक ओळ लिहून दिलेली असते आणि खाली शिष्याने ती उतरवलेली असते. आपण ज्याला कित्ता गिरवणं म्हणतो, तेच.

आता खुणा मोजा. ३० साठी तीन कोन. पहिल्या ओळीत एक पाचर. दोन कोन, चार पाचरी. पाच कोन, एक पाचर. मग एक कोन. दुसऱ्या ओळीत चार कोन, दोन पाचरी. दोन कोन, पाच पाचरी. तीन कोन, पाच पाचरी. एकूण २० कोन आणि १८ पाचरी, सगळे मिळून ३८ दाब. हा हिशेब कागदावर लिहून समोर ठेवा. चार-पाच पाचरी एका रांगेत मावत नाहीत, त्या एकावर एक रचल्या जातात. कशा रचल्यात ते फोटोवरून बघून घ्या, अंदाजाने नको.

माती

मेसोपोटेमियाची माती तैग्रिस आणि युफ्रेटिसने आणलेला बारीक गाळ. आपल्याकडे सर्वात सोयीची पडते ती गणपतीची शाडू. ती मऊसूत असते, खूण सुरेख धरते, पण घाईने वाळवली की तडकते. कुंभाराकडची लाल माती भाजायला उत्तम, मात्र तिच्यात रेती असते आणि पाचरीच्या कडेवर एक खडा आला की ती पाचर गेली. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी ‘आपोआप वाळणारी माती’ घेऊ नका. तिची कड बोथट आणि केसाळ येते. सरावाला मुलांची प्लॅस्टिसिन चालेल, वर थोडी टाल्कम पावडर चोळायची म्हणजे बोरू चिकटत नाही.

साधारण एक किलो माती घ्या, पाच पाट्या होतात. तयारी दोन-तीन दिवसांची आहे. कोरड्या ढेकळांवर बादलीत भरपूर पाणी ओतून एक रात्र राहू द्या. सकाळी हाताने कालवा, मिनिटभर थांबा. रेती खाली बसते. वरचं मातकट पाणी मलमलीतून किंवा जुन्या सुती पंच्यातून दुसऱ्या भांड्यात गाळा. खाली उरलेली रेती कुंडीत टाका. गाळलेली माती दिवसभरात तळाशी बसते, वरचं नितळ पाणी हलकेच ओतून द्या आणि राहिलेला चिखल कापडात गुंडाळून कोरड्या विटांवर ठेवा. वीट पाणी पिते.

मग तिंबा. दहा मिनिटं, मन लावून. आत हवेचा बुडबुडा राहिला तर भट्टीत घात होतो. माती तारेने मध्ये कापून बघा, कापलेल्या तोंडावर छिद्रं दिसली तर पुन्हा तिंबा. किती घट्ट हवी? पोळीची कणीक सैल पडते, पुरीची बरोबर. बोट दाबलं तर बोटाच्या रेषा मातीत उमटल्या पाहिजेत आणि बोट कोरडं निघालं पाहिजे.

माती वाळताना आकसते, आणि किती ते प्रत्येक मातीगणिक वेगळं. एक पट्टी लाटून तिच्यावर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ मारा आणि वाळू द्या. रेघ ९.३ भरली तर आकसण ७ टक्के. तेव्हा ८ सेंटिमीटरची पाटी हवी असेल तर ओली ८.६ ची करावी लागेल. फोटोची छापील प्रतही त्याच मापात वाढवून घ्या म्हणजे नजर फसत नाही.

बोरू

सुमेरी भाषेत पाटीला ‘दुब’ म्हणत आणि बोरूला ‘गि-दुब-बा’, म्हणजे पाटीचा नळ. शाळा ती ‘ए-दुब-बा’. हा ‘दुब’ अक्कडी आणि एलामी भाषांतून जुन्या इराणीत ‘दिपि’ झाला. अशोकाच्या शाहबाजगढी आणि मानसेहरा इथल्या शिलालेखांत ‘दिपि’च लिहिलेलं आहे, आणि आपला ‘लिपी’ हा शब्द त्याच घराण्यातला असल्याचं बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. मातीची पाटी आपल्या तोंडात रोज असते ती अशी.

देवनळ मिळाला तर सोनं. बोटाएवढ्या जाडीचा, पूर्ण वाळलेला, जाड सालीचा घ्या. नाही मिळाला तर बुरुडाकडची बांबूची कामटी, आकाशकंदिलाला वापरतात ती, पण थोडी जाड. तेही नसेल तर चौकोनी टोकाची बांबूची चॉपस्टिक.

मोडीच्या बोरूला आपण तिरका छाट देऊन टोक काढतो. इथे टोक काढायचंच नाही. पंधरा सेंटिमीटर लांबीचा तुकडा उभा चिरा, ८ मिलिमीटर रुंदीची पट्टी करा. तिची एक लांब बाजू सुरीने तासून अशी सपाट करा की गुळगुळीत सालीचा पृष्ठभाग आणि तासलेली बाजू काटकोनात भेटतील. मग टोक आडवं, सरळ कापा. साल, तासलेली बाजू आणि आडवा छाट हे तीन पृष्ठभाग जिथे मिळतात तो कोपरा म्हणजे तुमची लेखणी. बारीक पॉलिश पेपर एकदा फिरवा, पण कोपरा गोल होऊ देऊ नका. डोळ्याजवळ धरून बघा, कडेवर एखादा तंतू लोंबत असेल तर तो प्रत्येक पाचरीत दिसेल. सालीची बाजू मातीला चिकटत नाही, तासलेली चिकटते. म्हणून लिहिण्याआधी बोरू काही मिनिटं पाण्यात ठेवा आणि ओलसर फडकं जवळ असू द्या.

दाब

पाटी करण्याआधी एका सपाट पोळीवर सराव करा. एक तास तरी.

उभी पाचर: बोरू पेन्सिलीपेक्षा आडवा धरा, हात तुमच्याकडे, कोपरा पलीकडे. आधी कोपरा टेकवून डोकं दाबा, लगेच बोरूची लांब कड किंचित खाली झुकवा म्हणजे शेपटी उमटते. उचला. ओढायचं नाही. डोकं दोन मिलिमीटर खोल पुरे, लांबी ६ ते ८ मिलिमीटर. डोकं नेहमी वर, शेपटी खाली. आडवी पाचर या पाटीवर लागत नाही, पण पुढे लागेल. तिचं डोकं डावीकडे असतं.

कोन: बोरू अधिक उभा करा, कोपरा डावीकडे रोखलेला. फक्त टोक दाबा, शेपटी येऊ देऊ नका. बाणाच्या पात्यासारखी लहान त्रिकोणी खूण येते.

हाताला वळण लागायला वेळ लागतो तो एका कारणाने. उभ्या पाचरीवरून कोनावर जाताना आपण मनगट पिरगाळतो. मनगट जागेवर ठेवा आणि डाव्या हातातली पाटी थोडी फिरवा. लेखनिक पाटी हातात धरून लिहीत, टेबलावर ठेवून नव्हे, आणि पाटीचा तो पोटाला आलेला, तळहातात बसणारा आकार त्या धरण्याशी जुळतो. डावखुऱ्यांनी पाटी उलट दिशेला जास्त फिरवावी.

दिवा डावीकडून, वरच्या बाजूने आणि अगदी खालच्या कोनात यायला हवा. या पाट्यांचे फोटोही तशाच उजेडात काढायची पद्धत आहे. डोक्यावरच्या ट्यूबलाइटमध्ये पाचरी दिसतच नाहीत. २०१३ च्या डिसेंबरात इराणी सम्राट सायरसचा, कीलाकार मजकूर असलेला मातीचा दंडगोल मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आला होता. त्याच्यासमोर मी बराच वेळ मान डावी-उजवी करत उभा होतो. एका जागेवरून पुसट दिसणारी ओळ दोन पावलं सरकल्यावर छापल्यासारखी स्पष्ट व्हायची. घरी मोबाइलचा टॉर्च डावीकडे पुस्तकांच्या चळतीवर टेकवून ठेवला तरी काम होतं.

पाटी घडवणं आणि लिहिणं

१७० ग्रॅमच्या आसपास माती घ्या, मध्यम कांद्याएवढा गोळा होतो. दोन्ही तळव्यांत फिरवून एकही चीर राहणार नाही असा गुळगुळीत करा. मग तळव्यांतच हळूहळू दाबत मोठ्या पेढ्यासारखा आकार द्या. लिहायची बाजू सपाट, मागची फुगीर. मूळ पाट्यांतही पुढची बाजू ओळखायची ही एक खूण असते. कडेला भेगा दिसल्या तर कोरड्या अंगठ्याने आत घ्या. पाण्याचं बोट फिरवायचा मोह आवरा, कारण पाण्याने वर पातळ साय धरते आणि पहिल्या दाबाबरोबर ती फाटते. चमच्याच्या पाठीने घोटलेलं चांगलं.

आता थांबा. पावसाळ्यात मुंबईला तासभर, मे महिन्यात नागपूरला दहा मिनिटंही जास्त होतील. कडेला एक खूण दाबून बघा. बोरू उचलताना माती वर ओढली गेली तर अजून ओली आहे. डोक्याभोवती बारीक चिरा पडल्या तर उशीर झाला, ओल्या फडक्यात गुंडाळून परत मऊ करा.

आधी चौरस. चार कोपऱ्यांच्या जागी टाचणीने अगदी पुसट ठिपके द्या आणि कामटीची लांब कड टेकवून रेघा घ्या, मग कर्ण. मूळ पाटीवरच्या रेघा भूमितीच्या पेटीतल्यासारख्या नाहीत, तुमच्याही नसल्या तरी चालतील. फोटो पाटीवर ठेवून टाचणीने आरपार टोचून नक्कल उतरवू नका. त्याने आकडे जागेवर येतात, पण दाबाचा वेग आणि हाताचा झोक मरतो.

मग आकडे, डावीकडून उजवीकडे. जवळ दाबलेली नवी पाचर शेजारच्या जुन्या पाचरीची भिंत थोडी ढकलते. त्यावरूनच अभ्यासक कोणती खूण आधी उमटली ते ओळखतात. म्हणून क्रम पाळा आणि दाटीच्या जागी, विशेषतः ५१ मधल्या पाच कोनांना, हात हलका ठेवा. चूक झाली तर अंगठ्याने पुसून सपाट करा आणि पुन्हा दाबा. खऱ्या पाट्यांवरही असं पुसलेलं सापडतं. अंगठ्याचा ठसा कडेला राहिला तर राहू द्या, तोही खऱ्या पाट्यांवर सापडतो.

पाटी पूर्ण बिघडली तर बादलीत टाका. निप्पूर शहरात १९५१-५२ च्या उत्खननात ‘एफ’ नावाने ओळखलं जाणारं एक घर मिळालं. तिथे मुलं लिहायला शिकत. सुमारे चौदाशे पाट्यांचे तुकडे निघाले, आणि जुन्या पाट्या भिजवून परत माती करायची हौदासारखी जागाही.

मागच्या बाजूला ओल्या मातीतच देवनागरीत ‘प्रतिकृती’ आणि वर्ष लिहा. हे मी कुणाच्या मर्जीवर सोडत नाही. २००३ नंतर इराकमधल्या टेकाडांतून आणि संग्रहालयातून हजारो वस्तू लुटल्या गेल्या आणि त्यांचा बाजार चालतो. त्या बाजारात खोट्या पाट्याही खऱ्या म्हणून विकल्या जातात. आपल्या हातची वस्तू उद्या कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. याच कारणाने चहाच्या पाण्यात बुडवून, कोपरे फोडून पाटी ‘जुनी’ करणं मला पटत नाही. त्या शिकाऊ मुलाच्या हातून निघाली तेव्हा मूळ पाटी नवीकोरीच होती.

वाळवणं

माझी पहिली चांगली जमलेली पाटी एप्रिलच्या उन्हात गच्चीवर ठेवली आणि संध्याकाळी ती कर्णाच्या रेघेवरच दुभंगलेली मिळाली. वरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच राहतो, आणि माती सर्वात बारीक जागी फाटते. सावलीत, वारा नसलेल्या जागी, जाळीवर किंवा वर्तमानपत्रावर ठेवा. पहिले दोन दिवस भोकं पाडलेली प्लॅस्टिकची पिशवी वर झाका. दिवसातून दोनदा उलटा. उलटताना पुस्तकाच्या पानासारखी नको, वरची कड खाली आणा. या पाट्या वाचतानाही तशाच उलटतात. आठवडाभर लागतो, पावसाळ्यात दोन आठवडे. गालाला लावून बघा, गार लागली तर आत पाणी आहे.

भाजायची की कच्ची ठेवायची?

बहुतेक मूळ पाट्या उन्हात वाळलेल्या, कच्च्याच होत्या. असिरियाची राजधानी निनवे इथलं राजा अशुरबनिपालचं ग्रंथालय इ.स.पू. ६१२ मध्ये शहर पडलं तेव्हा आगीत सापडलं आणि त्यातल्या कितीतरी पाट्या त्या आगीनेच भाजून टिकल्या. म्हणजे कच्ची ठेवलीत तरी अस्सलपणात काही उणं नाही. शाळेत मुलांच्या हाताळणीला द्यायची असेल तर मात्र भाजा.

गॅसच्या शेगडीवर, चुलीत किंवा तंदूरमध्ये टाकू नका. आतल्या पाण्याची वाफ होऊन पाटी फुटते आणि तुकडे उडतात. ओळखीच्या कुंभाराच्या आव्यात किंवा सिरॅमिक स्टुडिओच्या विजेच्या भट्टीत जागा मागा. भट्टीवाल्याला जाडी सांगा, अडीच सेंटिमीटर. १०० अंशांच्या खाली निदान चार-पाच तास, मग ताशी साठ-सत्तर अंशांनी वर, ५७३ अंशांच्या आसपास विशेष हळू कारण तिथे मातीतला क्वार्ट्झ एकदम फुगतो, आणि ७०० ते ७५० अंशांवर थांबा. जास्त नको. मातीत चुनखडी असेल तर ८०० च्या पुढे तिचा कळीचा चुना होतो, तो नंतर हवेतला ओलावा ओढून फुगतो आणि महिन्याभराने पाटीवर खपल्या उडतात. भट्टी पूर्ण थंड होईपर्यंत दार उघडायचं नाही. शाडू भाजणार असाल तर आधी तिचा एक तुकडा भाजून रंग आणि तडे बघा.

पुढची पायरी: पत्र आणि लखोटा

आकडे जमले की ब्रिटिश संग्रहालयातलं उर शहरातलं ते तांब्याच्या व्यापाऱ्याविरुद्धचं तक्रारपत्र घ्या. इ.स.पू. १७५० च्या सुमाराचं, नन्नी नावाच्या ग्राहकाने एआ-नासिरला लिहिलेलं. उंची ११.६, रुंदी ५, जाडी २.६ सेंटिमीटर. दोन्ही बाजू भरून अक्षरं आहेत, एका बैठकीत होत नाही. लिहिलेली बाजू सुकू न देता दुसरी लिहायची, म्हणून पाटी ओल्या स्पंजवर ठेवा आणि झाकून ठेवत जा.

लखोटा करायचा असेल तर तुर्कस्तानातल्या कुलतेपे, म्हणजे प्राचीन कानेश, इथली असिरियन व्यापाऱ्यांची पत्रं बघा. लहानशी पाटी मातीच्याच पातळ पाकिटात बंद करून वर मुद्रा फिरवलेली असे. आतली पाटी पूर्ण वाळलेली हवी, नाहीतर ती लखोट्याला चिकटते. चार मिलिमीटर जाडीची पोळी लाटा, पाटीभोवती करंजीसारखी दुमडा, सांधे बोटाने मिटवा. मी वाळलेल्या पाटीवर आधी बारीक कोरड्या मातीची भुकटी चोळतो, त्याने दोन्ही सुटे राहतात. लखोटा आकसताना आतली पाटी आकसत नाही, त्यामुळे सांध्यावर चीर हमखास येते. ती दिसताच त्याच मातीचा पातळ चिखल भरा आणि ओल्या फडक्याखाली अजून एक दिवस ठेवा. कच्चा लखोटा पावसाळ्यात उघड्यावर ठेवू नका. झाकणाच्या डब्यात, सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह ठेवा.